सरांचा फ्लास्क

देवळीत माझ्या मेडिकलवर हे सर आठवड्यातून दोनदा तरी येतात. हायस्कूलला शिकवतात, पण शिकवणं शाळेपुरतं ठेवतील तर शपथ! खांद्याला फ्लास्क, त्यात ग्रीन टी. दिवसाला दहा-बारा कप होतात. कुणाच्या हातात दुधाचा चहा दिसला की सुरू, "जहर पिऊन राह्यला तू, जहर!" बोलताना स्वतःचा हात थरथरत असतो, आणि जाताना ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी गुपचूप खिशात जाते.

परवा बायकोला घेऊन आले. तिच्या अंगात रक्त कमी. महिनाभर लोहाच्या गोळ्या घेऊनही रिपोर्ट जिथल्या तिथे. नवी पट्टी फोडून सरांनी एक गोळी तिच्या हातावर ठेवली आणि फ्लास्कचं झाकण भरलं.

"घे, यासंगच गीळ."

मी म्हणालो, "सर, ग्रीन टीनं लोह अंगी लागत नाही. पाण्यासंग द्या."

"तुमी गोळ्या विका ना भाऊ. बाकीचं मले समजते."

बाईंनी मूठ तोंडाशी नेली, झाकण ओठाला लावलं. सर समाधानानं हसले आणि नेहमीसारखे घाईघाईनं माझ्या दुकानामागच्या बाथरूमकडे पळाले.

बाईंनी चहा नालीत ओतला. मूठ उघडली. गोळी तशीच होती.

"भाऊ, लवकर पानी द्या. ते येतीन."