सात भोकांचा पाट

माणसाला कसला ना कसला नाद असतो. पोलादपूरच्या अलीकडे हमरस्त्यापासून जरा आत आमचं गाव आहे. तिथे एकाला भजनाचा नाद, एकाला खेकडे पकडायचा, एकाला दर निवडणुकीत पडायचा. त्यांना कोणी काही बोलत नाही. मला जुन्या टीव्ही गेमचा नाद आहे, तर मला मात्र येणारा-जाणारा शहाणपण शिकवतो. वय बेचाळीस, महाडच्या एमआयडीसीत स्टोअरकीपर, डोक्यावरचे निम्मे केस रजेवर, आणि हा माणूस संध्याकाळी कॅसेटचे दात खोडरबराने घासत बसतो, असं लोक म्हणतात. खरं आहे. बसतो.

आमच्या लहानपणी गेम चालत नसला की पिवळी कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायची पद्धत होती. अख्ख्या तालुक्याने फुंकरा मारल्या. त्या फुंकरांच्या ओलीने आतले तांब्याचे दात काळे पडले, आणि ते साफ करायला आता मी उरलोय. महाडच्या भंगारवाल्याकडून मी गेमचे जुने डबे उचलतो, नात्यातल्या एका गुरुजींनी आपण होऊन त्यांचा पोत्यात बांधून आणून दिला. मी खेळतो कमी आणि उघडतो जास्त. हे सांगून सांगून माझी जीभ झिजली, पण बायको सोडून कोणाला पटलं नाही. तिलाही पटलंय अशातला भाग नाही, तिने माझा नाद सोडलाय.

सगळ्यात जास्त शहाणपण शिकवायचे ते माझे काका. वडिलांचे धाकटे भाऊ, मुंबईला असतात, साहेब म्हणून रिटायर झालेले. आमच्या भावकीचा गणपती एकच आणि तो आमच्या घरी बसतो. वडील जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून काका दर सुट्टीत यायचे आणि हळूच विषय काढायचे, की वहिनींचे गुडघे गेले, पोराचं लक्ष त्या डब्यांत, तेव्हा गणपती आता मुंबईला नेलेला बरा. आई उठून चुलीकडे जायची. मला एकदाच म्हणाली होती की गणपती गेला की ह्या घरात वर्षाला एकदासुद्धा कोणी पाय ठेवणार नाय. यंदा मे महिन्यात काकांनी पुन्हा तेच काढलं, आणि माझं डोकं फिरलं. मी छाती ठोकून सांगितलं की यंदा सगळं मी बघतो, पाट देण्यापासून विसर्जनापर्यंत. काही चुकलं तर पुढच्या वर्षी खुशाल घेऊन जा. काका म्हणाले, ठरलं. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मला त्याच क्षणी ते वाक्य गिळावंसं वाटलं.

आता त्याच महिन्यात मी एक कंट्रोलर बनवत होतो. जुन्या गेमबरोबर जे छोटे कंट्रोलर येतात त्यांची बटणं बसलेली असतात, आणि माझी बोटंही आता त्या मापाची राहिलेली नाहीत. म्हणून घरीच मोठा बनवायचा, मधे दांडा आणि बाजूला सहा बटणं, असं माझ्या मनात होतं. पहिला मी जेवणाच्या स्टीलच्या डब्यात बनवला. तो हलका, जोरात दांडा फिरवला की डबाच फिरायचा. दुसरा बायकोच्या मसाल्याच्या डब्यात बनवला, त्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. दोन्हींतून एवढं कळलं की कंट्रोलर जड हवा.

आणि मग माळ्यावर मला तो पाट सापडला. जुन्या धोतरात गुंडाळलेला, फणसाचा, दीड हात लांब, उचलला तर खांदा खाली आला पाहिजे असा. पाटाखाली दोन आडव्या पट्ट्या असतात, त्यामुळे खाली आपोआप पोकळी राहते, वायरिंगला अगदी मापात. आमच्या माळ्यावर लग्नातले, पंगतीतले मिळून पाटांना तोटा नाही. मी तो खाली काढला, ड्रिलला गोल पातं लावलं आणि सात भोकं पाडली. सहा बटणांना, एक दांड्याला. बटणं दारावरच्या घंटीची बसवली, दांड्याच्या टोकाला माझा लहानपणचा भोवरा उलटा ठोकला. पाटाच्या खालच्या अंगाला लाल रंगाने काहीतरी गिचमिड लिहिलेलं होतं. लाकूडवाल्याची खूण असणार, असं समजून तेही पॉलिश पेपरने घासून साफ केलं. कंट्रोलर असा झकास झाला की बायकोसुद्धा त्यावर दोन डाव खेळली आणि दोन्ही जिंकली.

आषाढ संपत आला तशी आईने आठवण करून दिली. आमच्याकडे मूर्ती दुकानातून उचलून आणत नाहीत. आपल्या घरचा पाट महिनाभर आधी गणपतीच्या कारखान्यात नेऊन द्यायचा, मूर्तिकार त्याच पाटावर त्याच्या मापाची मूर्ती बसवतो. वडील असताना तो पाट वडील न्यायचे. नंतर आई तो शेजाऱ्याच्या टेम्पोत घालून द्यायची, मी कामावर असायचो. त्यामुळे देवाचा पाट मी आयुष्यात कायम मूर्तीच्या खाली पाहिलेला, वरती कापड घातलेला, नाहीतर विसर्जनानंतर कोणाच्या तरी डोक्यावर, वाळूसकट. आई म्हणाली, माळ्यावर तुझ्या आजोबांच्या धोतरात गुंडाळून ठेवलाय, फणसाचा हाय, खाली लाल रंगात आपलं नाव हाय.

मी माळ्यावर चढलो, रिकामं धोतर हातात घेतलं आणि बराच वेळ तिथेच बसून राहिलो. खालून आई विचारत होती, गावला काय रे. मी म्हटलं, गावला.

बायकोला आतल्या खोलीत नेऊन सांगितलं. ती आधी हसली. हसता हसता तिला मसाल्याचा डबा आठवला आणि ती आणखी हसली. मग काकांची पैज आठवली तशी गप्प झाली, आणि म्हणाली की सासूबाईंना आत्ताच सांगा. पण मी शहाणा. मी बटणं काढली, भोवरा काढला, लाकडाचा भुसा आणि गोंद कालवून सातही भोकं बुजवली, वरून घासून तेल लावलं. लांबून पाहिलं तर काही दिसत नव्हतं. धोतरात गुंडाळला आणि रविवारी महाडला कारखान्यात नेऊन दिला.

मूर्तिकार म्हातारा आणि तोंडाने फटकळ. आमचा पाट तो चाळीस वर्षं बघत आलेला. त्याने धोतर सोडलं, पाटावरून तळहात फिरवला, उलटा केला, खालची लाल अक्षरं शोधली, पुन्हा सुलटा केला आणि एका डागावर अंगठ्याने टिचकी मारली. मी छताकडे बघत होतो. तो म्हणाला की ह्यावर मी मूर्ती बसवायचा नाय, तुझी आय येऊन सांगूदे. मी त्याला पटवायला गेलो, तर तो दुसऱ्याच्या गणपतीची सोंड करायला बसला.

घरी येऊन आईला सगळं सांगावं लागलं. गेम, भोवरा, घंटीची बटणं, पॉलिश पेपर, सगळं. ती तांदूळ निवडत होती, निवडत राहिली. शेवटी एवढंच विचारलं की किती भोकं. सात म्हटल्यावर तिने ताट बाजूला ठेवलं. मला वाटलं रडेल. ती रडली नाही, पण त्या रात्री माझं पान तिने वाढलं नाही, बायकोला वाढायला लावलं, आणि शिव्यांपेक्षा ते फार वाईट होतं. काका आपल्याला काय म्हणतील ह्याची मला तोवर भीती होती. त्या दिवशी पहिल्यांदा मला आपली लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ती गुडघ्याला पट्टा बांधून माझ्याबरोबर महाडला आली. कारखान्यात स्टुलावर बसली आणि माझ्याकडे न बघता मूर्तिकाराला म्हणाली की पाटाला कीड लागली होती, मीच पोराला सांगितलं भोकं पाडून औषध भर म्हणून. माझ्या आईला मी जन्मात खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. मूर्तिकाराने पाट पुन्हा हातात घेतला.

"कीड मोठी शिस्तीची दिसते वहिनी," तो म्हणाला. "वरती तीन, खालती तीन. आनि हा बाजूला एकटा, हा त्यांचा पुढारी काय?"

आई म्हणाली, असेल. त्याने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पाट रांगेत लावला. निघताना मला बाजूला घेऊन सांगितलं की कीड परत लागू देऊ नको.

गणपतीच्या आदल्या दिवशी काका गाडी घेऊन आले. डिकी उघडली तर सामानाच्या वर एक नवा कोरा सागवानी पाट, पॉलिश केलेला, कडेला पितळी पट्टी. कोणी विचारायच्या आधीच ते म्हणाले की पुढच्या वर्षीची सोय असलेली बरी. आईने तो पाट पाहिला आणि आत निघून गेली. मी त्या पाच दिवसांत जेवढं केलं तेवढं कुठल्या सुनेनेही केलं नसेल. काकांना चूक सापडू नये म्हणून मी फुलं मोजून वाहिली, आरतीत एक कडवं गाळलं नाही, आलेल्या प्रत्येकाला स्वतः पान वाढलं. काका सगळं बघत होते. चौथ्या दिवशी त्यांनी मला म्हटलं की बरं चाललंय, आणि मला उगाच आशा वाटली.

विसर्जनाला आम्ही सावित्रीवर गेलो. आई काठी टेकत काठापर्यंत आली. मूर्ती पाण्यात पोचवली की पाट नदीत धुवायचा, त्यावर ओंजळभर वाळू घ्यायची, तो डोक्यावरून घरी आणून गणपतीच्या जागी ठेवायचा, मग शेवटची आरती, असा आमचा रिवाज. पाट मी घेणार होतो. पण काका पुढे झाले, म्हणाले वडीलधाऱ्याचा मान आहे. मान कसला नाकारणार. त्यांनी पाट नदीत मनसोक्त धुतला, तीनदा बुडवला, तळहाताने चोळला. भुसा आणि गोंद. मी डोळे मिटून घेतले.

वाळू घेऊन, पाट डोक्यावर ठेवून काका मोरया म्हणत पुढे निघाले. मी मागे. दहा पावलांवर त्यांनी मान झटकली. आणखी पाच पावलांवर चष्मा पुसला आणि म्हणाले, पाऊस आला वाटतं. पाऊस नव्हता. त्यांच्या टकलावर, कानांमागे, सदऱ्यात सावित्रीची वाळू बारीक धारेने गळत होती, सात धारांनी. मागून येणाऱ्या बायकांनी पदर तोंडात कोंबले. काका थांबले, पाट खाली घेतला, उरलेली वाळू त्यांच्या चपलांवर पडली. त्यांनी पाट उभा डोळ्यांसमोर धरला आणि एका भोकातून माझ्याकडे पाहिलं.

मी आईकडे बघितलं. ती पुन्हा किडीची गोष्ट काढणार ह्याची मला खात्री होती, आणि खरं सांगतो, मी मनातल्या मनात कीड, कीड म्हणत होतो. आई काठी टेकत पुढे आली.

"कीड नाय नि काय नाय. भोकं माज्या पोरान पाडली, त्याच्या गेमासाठी. देवाचा पाट त्याला वळखला नाय, ही त्याची चूक, आनि दाखवला नाय ही माजी. पन भावजी, भोकं पाडनारा हितंच हाय. बारा महिने. म्हनून तुमाला यायला दार उघडं मिलतं."

बायकांचं हसणं केव्हाच थांबलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलं नाही, नदीकाठी चालून जातं. काका परत पाण्याकडे गेले, खांद्यावरचा टॉवेल पाटावर पसरला, नव्याने वाळू घेतली आणि पाट पुन्हा डोक्यावर ठेवला. घरी येऊन पाट गणपतीच्या जागी ठेवला, आरती म्हणाले, जेवले, झोपले. पैजेचं काय, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

सकाळी गाडीत सामान चढवताना त्यांनी मला हाक मारली. तो सागवानी पाट काढून त्यांनी माझ्या हातात ठेवला.

"हा घे. भोकं पाडायचीच तर ह्याला पाड," काका म्हणाले. "आणि पुढच्या वर्षी गणपतीला येईन, तेव्हा तुझा गेम चालू असला पाहिजे. मलाही शिकव."

गाडी वळणाआड गेली तरी मी पाट धरून रस्त्यात उभा होतो. मागून आई आली आणि म्हणाली, दोन्ही पाट आण.

फणसाच्या पाटाची भोकं पुढच्या आठवड्यात सुताराकडून फणसाच्याच गुट्ट्या ठोकून नीट बुजवून घेतली. माझ्यावर ते काम सोपवायला घरात कोणी तयार नव्हतं. मग आईने दोन्ही पाट ओटीवर उलटे घातले, लाल रंगाचा डबा घेतला आणि गुडघ्याचं दुखणं विसरून खाली बसली. चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण अक्षर ठसठशीत. एकावर लिहिलं ‘देव’, दुसऱ्यावर लिहिलं ‘गेम’. रंग वाळेपर्यंत मला तिथेच उभं केलं, आणि वाळल्यावर दोन्ही मोठ्याने वाचून दाखवायला लावलं.