जाहीरनाम्याची वेळ आली नाही

नाना गेल्याचा मेसेज मला सगळ्यांबरोबर व्हॉट्सॲप ग्रुपवर मिळाला. इथे परदेशात, क्वेकर्स हिल या उपनगरात, आमच्या दोन घरांत एकच कुंपण, तरीही! करोनामुळे अंत्यविधीला माणसांची मर्यादा होती, त्यात मी बसलो नाही, लॅपटॉपवर पाहिला. त्याचा राग अजून आहे. पण बातमी वाचून पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच... निदान स्वतःच्या खोलीत गेले. सुटलो.

नाना पुण्यात इतिहास शिकवायचे. लेकीकडे, माझ्या शेजारच्या मंजिरीकडे, थोड्या दिवसांसाठी आले आणि सीमा बंद झाल्या. मंजिरी हॉस्पिटलात नोकरीला, रोज नको ते पाहून घाबरलेली. त्यामुळे नानांनी कधी झोपायचं, कुणाशी बोलायचं, सगळं तीच ठरवायची. त्यांचं अंथरूण हॉलमधल्या सोफ्यावर. कुंपणाशी येऊन मला म्हणायचे, "दिलीप, अमेरिकेतल्या वसाहतींचं दुखणं नुसता कर नव्हतं. जिथे त्यांच्याबद्दल ठरायचं, तिथे त्यांचं कुणी नव्हतं. प्रतिनिधित्व रे! या घरात माझं कोण आहे?"

"मी आहे की. बंडच करू."

"उतावळा आहेस. आधी अर्ज, मग बहिष्कार, स्वातंत्र्याचा जाहीरनामा शेवटी. त्यांनीही राजाला आधी अर्जच केले."

नानांना मागची, अंगणात दार उघडणारी खोली हवी होती. अर्ज फेटाळला गेला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चहा सोडला. मंजिरी तणतणत कुंपणाशी आली. "काका, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

"मी कशाला? अमेरिकेने शिकवलं! तिथल्या वसाहतींनीही चहाच सोडला होता."

पोर्ट केंबलाच्या पोलाद कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो तेव्हापासून घासाघीस करूनच वर आलोय. मास्क लावून सगळ्यांना कुंपणाशी उभं केलं. जावई अनिकेत म्हणाला, "मागची खोली? काका, दॅट्स माय जिम." माझा आवाज चढला. "एक ट्रेडमिल म्हणजे जिम? ठेव माझ्या गॅरेजमध्ये, हवं तेव्हा ये!" तो ट्रेडमिल हलवायला तयार झाला. मंजिरी मात्र हटेना. "बाबा तिकडे एकटे पडले तर?"

नाना शांतपणे म्हणाले, "पडलो तर तुलाच हाक मारीन. मंजू, राज्य तूच कर गं. पण मी संमती दिली म्हणून."

मंजिरी म्हणाली, "चहा टाकू?"

त्यानंतर नाना त्या खोलीत राजासारखे राहिले. दार उघडं टाकून उन्हात बसायचे, मला मोठ्याने हाका मारायचे. तिथेच एका दुपारी झोपेत गेले. मी घर फोडलं, असं अनिकेत म्हणतो. म्हणू दे. ट्रेडमिलवर धावायला रोज माझ्याकडेच येतो.

परवा मंजिरीने पलंग हलवायला बोलावलं. अंगणातून आम्ही त्या दाराशी गेलो. आत कुणी नव्हतं, दाराला कुलूपही नव्हतं. तिने हलकेच टकटक केली आणि हात मागे घेतला. काही क्षण आम्ही दोघंही तसेच बाहेर थांबलो... आतून "ये" ऐकू यायची वाट बघत.