पाचव्या टप्प्याची वाट

एव्हिस टॅपसेलनं सकाळपासून चौथ्यांदा मागचं दार उघडलं आणि आभाळाकडे पाहिलं. ढग होते तिथंच होते. आठवडाभर ते विनिक टेकडीवर ओल्या घोंगडीसारखे पडून होते आणि ऑगस्टचे चारच दिवस उरले होते.

फुलपाखरं मोजायची तर ऊन हवं, वारा बेताचा हवा. वेळ पावणेअकरा ते पावणेचार, त्याच्या अलीकडे नाही की पलीकडे नाही. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत आठवड्यातून एकदा, तीच वाट, तीच चाल. चालताना आपल्याबरोबर एक न दिसणारी पेटी चालते आहे असं धरायचं. डावीकडे अडीच मीटर, उजवीकडे अडीच, समोर पाच. पेटीत येईल ते मोजायचं. पेटीबाहेर सोन्याचं फुलपाखरू उडालं तरी ते आपलं नाही.

तेवीस उन्हाळे एव्हिसनं हे केलं होतं. शाळेच्या स्वयंपाकघरात होती तोवर शनिवारी, निवृत्त झाल्यावर ऊन पडेल त्या दिवशी. नवरा गेला त्या आठवड्यातही. सिरिलला गुरुवारी पुरलं आणि शुक्रवारी ती टेकडीवर गेली. गावात बोललं गेलं. तिला कुणाला सांगता आलं नाही, की त्या शुक्रवारी घरात कुठल्याच वस्तूकडे पाहता येत नव्हतं, आणि टेकडीवर निदान कशाकडे पाहायचं ते ठरलेलं होतं. त्या दिवशीचा कागद अजून फायलीत आहे. अक्षर जरा मोठं आहे, एवढंच.

वाटेचे सात टप्पे. पाचवा दक्षिणेच्या उतरणीवरचा. तिथं माती अशी नाहीच, बोटभर गवत आणि खाली पांढरा खडूचा खडक. उन्हात तव्यासारखा तापतो. त्या तापलेल्या आखूड गवतात घोड्याच्या नालासारख्या शेंगांची एक पिवळी रानवेल पसरते. अॅडोनिस फुलपाखराच्या अळ्या दुसरं काही खात नाहीत, आणि मुंग्या त्यांची राखण करतात. अॅडोनिस म्हणजे मोरचुदाच्या खड्याला पंख फुटावेत तसा निळा. किनार पांढरी, तिला काळे टाके. वर्षातून दोनदा उडतो, मे-जूनमध्ये आणि ऑगस्ट सरता सरता. गवत चार बोटं वाढलं की जमीन गार पडते, मुंग्या जातात, मग तोही जातो. म्हणून टेकडीवर मेंढ्या लागतात, आणि त्या भुकेल्या लागतात.

गेली दोन वर्षं पाचव्या टप्प्यापुढे एव्हिसनं शून्य लिहिलं होतं. यंदाच्या मे-जूनमध्येही शून्यच. गवत घोट्याला लागत होतं, तिनं स्वतः पाहिलं होतं. मार्चमध्ये गावाच्या सभागृहात टेकडी सांभाळणाऱ्या मंडळाची बैठक झाली तेव्हा ती उभी राहिली आणि म्हणाली, "रूबेनच्या मेंढ्या टेकडीवर जेवायला येत नाहीत. फिरायला येतात."

लोक हसले. रूबेन एकहर्स्ट मागच्या रांगेत बसला होता. त्याच्या आजाच्या मेंढ्या या टेकडीवर चरत होत्या. शाळेत तो आणि एव्हिस एका बाकावर बसत. सिरिलच्या शवपेटीला खांदा देणाऱ्या सहा जणांत तो होता. तो हसला नाही, उठला, टोपी घातली आणि बाहेर गेला. तेव्हापासून तो तिला मिसेस टॅपसेल म्हणत असे आणि अहो-जाहो करत असे.

मंडळानं ठरवलं की ऑगस्टची मोजणी पाहायची. शून्यच आलं तर ऑक्टोबरपासून टेकडी दुसऱ्या कुणाच्या मेंढ्यांना द्यायची. सचिव डेस्मंड लल दर सोमवारी फोन करी.

"घाई नाही हं, एव्हिस. आकडा आला की मी रूबेनला पत्र टाकतो."

"पत्र लिहून ठेवलंयस वाटतं."

"मसुदा आहे. आकड्याची जागा मोकळी ठेवलीय."

ती मोकळी जागा तिला अलीकडे भांडी घासताना दिसायची.

साडेबाराला ढग फाटले. तिनं चीजच्या सँडविचचा उरलेला तुकडा तसाच कागदात गुंडाळला, चहाचा थर्मास, पेन्सिल आणि कागदाची पाटी घेतली आणि निघाली.

टेकडीच्या फाटकाशी रूबेन उभा होता. हातात आकडी काठी, पायाशी कुत्री.

"निघाल्या म्हणायच्या मिसेस टॅपसेल."

"ऊन पडलंय, मिस्टर एकहर्स्ट."

"काय शोधणार आज?"

"असेल ते."

"आणि नसेल ते?"

"तेही लिहावं लागतं."

"ते तुम्हाला छान जमतं." त्यानं फाटक उघडून धरलं. एवढी रीत त्यानं सोडली नव्हती. "माझी एक म्हातारी मेंढी सकाळपासून दिसत नाही. एक कान काळा. दिसली तर सांगा. की तुम्हाला पेटीबाहेरचं काही दिसतच नाही?"

फाटक मागं लागल्याचा आवाज एव्हिसनं ऐकला आणि घड्याळ पाहून कागदावर वेळ टाकली.

पहिले चार टप्पे सरळ गेले. धुवट निळ्या रंगाची खडूनिळी फुलपाखरं चौदा. गवती तपकिरी एकतीस. रानओव्याचा वास चढत होता आणि दूर समुद्राची कड चाकूच्या पात्यासारखी लखलखत होती. चौथा टप्पा संपतो तिथं तारेच्या कुंपणाचा कोपरा आहे. तिथून ती पाचव्या टप्प्यात शिरली.

तीनशे पावलं. एक खडूनिळं, तेही विटकं. दोन गवती तपकिरी. गवत घोट्याला घासत होतं. टप्पा संपवणाऱ्या खांबाशी ती थांबली, पेन्सिल टेकवली आणि शून्य काढलं. ते नीट गोल आलं, याचाच तिला राग आला.

तेवढ्यात वरून आवाज आला. मेंढीचाच, पण दम संपत आलेला.

एव्हिसनं वर पाहिलं. उतरणीवर वीसेक पावलं वर, काटेरी झुडपांच्या मागे, चार पाय आभाळाकडे झाले होते. मेंढी खळग्यात उताणी पडली होती. या टेकड्यांवर वाढलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. उताणी पडलेल्या मेंढीला आपलं आपण उठता येत नाही. पोट फुगतं, कावळे डोळ्यांवर येतात, आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपतं. अशा वेळी मेंढी कुणाची ते पाहत नाहीत. तिनं मोजणी थांबवल्याची वेळ लिहिली, पाटी खांबाला टेकवली आणि चढायला लागली.

चढ उभा होता. तीन वर्षांपूर्वी बदललेला गुडघा प्रत्येक पावलाला बोलत होता. झुडपांना वळसा घालून, शेवटी गवत मुठीत धरून ती वर पोचली. एक कान काळा.

"काय गं बाई, तुला हीच जागा सापडली?" ती म्हणाली. मेंढीनं डोळे फिरवले. एव्हिसनं तिच्या कुशीवरची लोकर दोन्ही मुठींत धरली, चांगला गुडघा रोवला आणि ढकललं. दुसऱ्या खेपेला मेंढी वळली. ती पायांवर आली, पण पाय मेणाचे झाले होते. सोडली असती तर परत पडली असती. म्हणून एव्हिस तिला दोन मांड्यांत धरून उभी राहिली. पायांत रक्त येईपर्यंत असंच उभं राहावं लागतं.

उभं राहिलं की खाली पाहिलं जातं. खाली मेंढीच्या ओल्या लेंड्या होत्या आणि लेंड्यांवर निळे पंख उघडमीट करत होते.

तिला आधी वाटलं, चढून आल्यामुळे डोळ्यांपुढे काजवे चमकतायत. तिनं डोळे मिटले, उघडले. पांढरी किनार. किनारीला काळे टाके. एक, दोन, चार. पलीकडे उघड्या खडूवर आणखी तीन. गवत इथं बोटभरही नव्हतं, गालिचा कातरावा तसं कातरलेलं. तिनं मेंढीचा काळा कान धरलेली बोटं सैल केली. मेंढीनं श्वास सोडला. एव्हिसनंही सोडला, आणि तो कितीतरी वेळ संपेना.

आहेत. तर आहेत.

मग तिला तो खुंट दिसला. झुडपाच्या बुडाशी, अर्धा काट्यांत गेलेला, पांढरा रंग उडालेला. त्यावर मिस म्युरिएल वेलरच्या हातचा पाचाचा आकडा होता. मिस वेलर तिच्या आधी ही वाट मोजत. त्यांनीच हे खुंट ठोकले होते आणि पहिल्या वर्षी एव्हिसला त्यांच्यामागून चालवलं होतं. पाचव्या टप्प्याची वाट इथून जायची. या उभ्या कडेवरून.

तिला सगळं आठवलं, आणि आठवताना अंग गरम झालं. शस्त्रक्रियेनंतरचा एप्रिल. चढ नको, नर्सनं सांगितलं होतं. खालून मेंढ्यांची एक सोपी वाट जात होती, त्याच कोपऱ्यातून निघून त्याच खांबाला मिळणारी. दोन आठवडे खालून जाऊ, तिनं ठरवलं होतं. मग मे आला, जून आला. वरच्या वाटेच्या तोंडाशी झुडपं माजली. गुडघा बरा झाला, पण पाय खालीच वळत राहिले. तिला माहीत नव्हतं, असं म्हणता आलं असतं. पण तेही पुरतं खरं नव्हतं. खालची माती खोल, तिथलं गवत कायम उंच. मेंढ्या वर चरत होत्या, जिथं अॅडोनिसला हवं होतं नेमकं तिथंच. ते सगळे, तिसऱ्या वर्षीही, पेटीबाहेर वीस पावलांवर उडत होते.

लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण ती मागाहून आली, आणि आनंदापुढे तिला बसायला फारशी जागा उरली नव्हती.

कुत्री आधी आली, मग रूबेन, धापा टाकत. त्यानं मेंढी पाहिली, मग मेंढीवर बसल्यासारखी उभी असलेली एव्हिस पाहिली.

"शर्यतीला निघालात का?"

"उताणी होती. सोडू का आता?"

त्यानं मेंढीचे पाय चाचपले. "सोडा." मेंढी चार पावलं लडबडत गेली आणि काहीच झालं नाही अशी चरायला लागली. रूबेननं टोपी काढली. "उपकार झाले, मिसेस टॅपसेल."

"रूबेन, खाली बघ."

त्यानं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हेच ते?"

"हेच."

"हे तर रोज असतात इथं," तो म्हणाला. "मला वाटलं तुम्ही ते दुसरे, जास्त भारी शोधताय."

एव्हिस खाली बसली. हसू आलं की रडू, ते तिचं तिला कळलं नाही. तिनं खुंटाकडे बोट दाखवलं आणि गुडघ्यापासून सगळं सांगितलं, मधलं काही न गाळता. तो ऐकत राहिला. काठीच्या टोकानं खडू उकरत राहिला.

"तीन वर्षं," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"भर सभेत माझ्या मेंढ्यांना फिरस्त्या म्हणालीस."

"म्हणाले."

"घरी जाऊन मी त्यांच्याकडे बघत होतो. खरंच जेवत नाहीत की काय म्हणून. रात्री दोनदा उठलो." त्यानं टोपी परत डोक्यावर घातली. "आता भर सभेत काय म्हणणार?"

"फिरायला माझा गुडघा येत होता, असं म्हणेन."

रूबेनच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "उभी राहून म्हण. बसून नाही."

"उभी राहून."

तिनं घड्याळ पाहिलं. पावणेतीन. ऊन अजून खणखणीत होतं. त्यानं तिला हात देऊन उठवलं आणि खाली जाऊन तिची पाटी आणून दिली. कागदावरचं शून्य त्यानं पाहिलंच असणार. कुंपणाच्या कोपऱ्यापर्यंत दोघं वरच्या कडेनं परत गेले. वाटेत त्यानं काठीनं झुडपांच्या फांद्या बाजूला दाबून धरल्या.

"उद्या कोयता आणतो," तो म्हणाला. "आणि दोन पायऱ्या खणतो. तुझं आता वय झालं, एव्हिस."

"तुझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान आहे मी. मागं राहा. पेटीत येऊ नकोस."

तो मागं राहिला, कुत्रीला पायाशी धरून, चर्चमध्ये उभा राहावा तसा. एव्हिस मिस वेलरच्या वाटेनं चालली, हळू, एका चालीनं. डावीकडे अडीच, उजवीकडे अडीच, समोर पाच. मागून मधूनच आवाज येई, "तो बघ, तो राहिला." आणि ती मान न वळवता म्हणे, "तो बाहेर होता."

खांबाशी पोचल्यावर तिनं पाटी गुडघ्यावर घेतली. शून्य खोडलं नाही. त्याच्यापुढे लिहिलं, खालची वाट, गेली तीन वर्षं हीच, चूक माझी. त्याच्याखाली लिहिलं, वरची वाट, अॅडोनिस एकोणीस. अक्षर जरा मोठं आलं.

"किती?" रूबेननं विचारलं.

तिनं सांगितलं. मग सँडविचचा तुकडा काढला, दोन केले, आणि मोठा त्याला दिला.