टॉर्किल्डची कोरी फिल्म

टॉर्किल्ड राउन्सबोर्ग डेन्मार्कमधल्या लिमफ्योर्ड खाडीकाठच्या प्रयोगशाळेत यंत्रदुरुस्ती करायचा. तळघरातल्या, कणांना प्रचंड वेग देणाऱ्या त्वरक यंत्राशी त्याचा तीस वर्षांचा घरोबा. मी साहित्याची पदवी घेऊन तिथे माहितीपुस्तिका लिहायला आले होते. दुपारच्या कॉफीला तो मला कणांचं शास्त्र शिकवायचा.

एकदा पावाच्या कागदावर त्याने चार सरळ रेघा काढल्या आणि मधे एक नागमोडी.

"सरळ रेघा खऱ्या कणांच्या, कवयित्रीबाई. बाहेरून येतात, बाहेर जातात. फिल्मवर ठसा उमटवतात. नागमोडी रेघ आभासी कणाची. तिची दोन्ही टोकं आतच. ती कुठल्याच फिल्मवर सापडायची नाही."

"म्हणजे नसतेच?"

"गणितात असते. दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात, ते मोजता येतं. पण ढकलणाऱ्याला पकडून दाखव म्हणालीस, तर ते नाही जमायचं."

प्रत्येकाच्या कोटावर फिल्मचा बिल्ला असे. अंगावर किती किरण पडले, ते महिनाअखेर त्यावरून कळे. मर्यादा ओलांडली की त्या माणसाला वर्षभर तळघर बंद. टॉर्किल्डची फिल्म नेहमी कोरी. मी पुस्तिकेत त्याचं कौतुक लिहिलं.

मार्चमध्ये मी त्याला बोलवायला खाली गेले. यंत्र बंद होतं, पण आतलं तांबं अजून किरण सोडत होतं. दारावरचं किरणांचं मापक कटकटत होतं. टॉर्किल्ड आत वाकलेला. कोट बाहेर खुंटीला. बिल्ला कोटावर.

"टॉर्किल्ड, बिल्ला!"

"ओरडू नकोस. मला वर बसवून पेन्सिली तासायला लावतील. मग या म्हाताऱ्या यंत्राकडे कोण बघणार? तू?"

"आणि तुझं काय?"

"माझीही दोन्ही टोकं आतच."

तो हसला. मीही हसले.

ऑगस्टपासून त्याची कॉफी कपाबाहेर सांडू लागली. दिव्यांभोवती धुकं दिसतं म्हणाला. वय एक्कावन्न, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्याला सायकल चालवणं जमेना, म्हणून डॉक्टरकडे मी सोबत गेले.

डॉक्टरीणबाईंनी फिल्मच्या नोंदी चाळल्या. "मला किरणांचा संशय होता, टॉर्किल्ड. पण इथे तर सगळं कोरं. तू आत फारसा गेलेलाच दिसत नाहीस. मग वयाचंच म्हणायचं. कामावर जायला हरकत नाही."

टेबलाखाली त्याने माझं मनगट घट्ट धरलं. मी उठून त्याला कोट दिला.

सोमवारी तो तळघराच्या दाराशी उभा होता. तळव्याने भिंत चाचपत होता. खुंटी सापडली. त्याने कोट काढून नीट अडकवला.

मापक कटकटत होतं.