हात वर कर

"हात वर कर," मॅडम म्हणाल्या.

मी केले. दोन्ही.

मॅडमनी रिसेप्शनच्या टेबलावरचा रूम फ्रेशनरचा डबा उचलला आणि माझ्या अंगावर मारला. आधी छातीवर. मग काखेत. मग म्हणाल्या, "वळ." मी वळले. पाठीवर मारला, केसांवर मारला. समोर सोफ्यावर तीन पेशंट बसले होते. एक बाई मोबाईलमध्ये बघत राहिल्या. एक आजोबा हसले. ओशाळून हसले असतील, पण हसले. तिसऱ्या बाई मॅडमना म्हणाल्या, "थँक यू डॉक्टर, मला खरंच मळमळायला लागलं होतं."

त्यांना मळमळत होतं ते माझ्यामुळे.

मी विलेपार्ल्याला एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे असिस्टंट होते. राहायला वेसाव्याच्या कोळीवाड्यात. माझी आय म्हावरं विकते. आम्ही आईला आय म्हणतो आणि माशांना म्हावरं. त्या सकाळी आयची कंबर धरली होती म्हणून तिची कोलंबीची पाटी मी बाजारात नेऊन दिली. घरी येऊन दोनदा अंघोळ केली. लिंबू चोळलं हातांना. धुतलेला ड्रेस घातला. तरी सोफ्यावरच्या त्या बाईंना वास आला. की माझं आडनाव कळल्यावर आला, मला माहीत नाही. आदल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं होतं, "तू कुठली गं? आडनाव काय?"

मॅडमनी फवारा मारला याचं मला त्या दिवशी फार काही वाटलं नाही. खरं सांगते. मला वाटलं, चूक माझी आहे, पाटी उचलायला नको होती. मी हात का वर केले, हा प्रश्न मला पडायला वर्ष लागलं.

तोवर ते रोजचं झालं. सकाळी गेलं की पर्स ठेवायची आणि उभं राहायचं. मॅडम कामात असल्या तर म्हणायच्या, "रेश्मा, हिला मार जरा." रेश्मा आमची रिसेप्शनिस्ट. ती गोवंडीच्या झोपडपट्टीतली. पेशंटनी विचारलं तर चेंबूर सांगायचं, असं मॅडमनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. रेश्मा डबा हातात घ्यायची, माझ्याकडे न बघता भिंतीवर फुस्स करायची आणि परत ठेवायची. आम्ही दोघी त्यावर कधी बोललो नाही.

क्लिनिकमध्ये मासे-मटण आणायचं नाही, असा नियम होता. मी कधी आणलं नाही. अकरा वर्षं भाजी-पोळी नेली. आमच्या घरात भाजी कोण खातं? माझ्यासाठी वेगळी करायची आय. पण मॅडम शाकाहारी होत्या असं समजू नका. दर रविवारी त्यांना पापलेट लागायचं. मोठं, ताजं, साफ केलेलं. शनिवारी संध्याकाळी त्यांचा फोन यायचा, रविवारी सकाळी मी पिशवी घेऊन त्यांच्या बिल्डिंगखाली उभी राहायची. आय स्वतः निवडून, स्वतः कापून द्यायची. "डॉक्टरीणबाय हाय, नीट द्यावा लागतं," म्हणायची. त्या पापलेटच्या वासाने मॅडमना कधी मळमळलं नाही.

आता दुसरी बाजू पण सांगते, कारण खोटं बोलून मला काही मिळवायचं नाही. काम मला त्यांनीच शिकवलं. मी बारावी नापास पोरगी. हत्यारं कशी उकळवायची, माप कसं घ्यायचं, एक्स-रे कसा धरायचा, सगळं त्यांनी हात धरून शिकवलं. रूट कॅनालला मी बाजूला उभी असले की त्यांना मागावं लागायचं नाही. हात पुढे आला की त्यात हवं ते पडायचं. लहान पोरं त्यांना बघून रडायची आणि माझ्याकडे बघून तोंड उघडायची. मला ते काम आवडायचं. आजही आवडतं. म्हणून तर एवढी वर्षं फवारा सहन केला. काम चांगलं होतं म्हणून अपमान छोटा वाटायचा.

मग आयचा दात दुखायला लागला.

म्हणजे दाढ. चार दिवस ती लवंग धरून बाजारात बसली. पाचव्या दिवशी गाल एवढा सुजला की डोळा मिटायला लागला. मी म्हटलं, चल माझ्याबरोबर. तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं. अबोलीचा गजरा माळला. डॉक्टरकडे कोण गजरा माळून जातं? पण लेकीच्या ऑफिसात जायचं होतं ना तिला. माझ्या कामाच्या जागेला ती ऑफिस म्हणायची. अकरा वर्षांत पहिल्यांदा येत होती.

ती सोफ्याच्या अगदी कडेला बसली. मॅडमनी केबिनच्या दारातून बघितलं आणि मला आत बोलावलं.

"ही तुझी आई?"

"हो मॅडम. खूप दुखतंय तिला. दोन पेशंटच्या मध्ये घेतलंत तर..."

"आत्ता नको. आत्ताचे पेशंट कसे आहेत तुला माहितीये. सगळे गेले की शेवटी आण. खुर्चीवर प्लास्टिक टाकून बघते. आणि तोवर तिला इथे नको बसवूस. खाली वॉचमनपाशी बाकडं आहे ना, तिथे बसव."

दार उघडंच होतं. मी बाहेर आले तर आय उठून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"मी जातंय गो," ती म्हणाली. "तू काम कर. बायला काय बोलू नको."

गालावर पदर धरून ती जिना उतरली. लिफ्ट होती. लिफ्टने नाही गेली.

आणि मी काय केलं? मी आत गेले. ग्लोव्हज घातले. पुढच्या पेशंटच्या तोंडात सक्शनची नळी धरून उभी राहिले. तोंडातलं पाणी, लाळ, रक्त ओढून घेत. अर्धा तास. माझी आय रस्त्यावर सुजलेला गाल घेऊन बस शोधत होती आणि मी कोणा परक्याची थुंकी ओढत होते. हे मी स्वतःला माफ केलेलं नाही. पण त्या अर्ध्या तासात काहीतरी झालं. मी त्या पेशंटच्या दातांकडे बघत होते. काळे पडलेले, किडलेले, तंबाखूने खाल्लेले. तोंडाला भयंकर वास. त्याला कोणी प्लास्टिकवर बसवलं नव्हतं.

पेशंट गेला. मी खुर्ची पुसली, रोज पुसायची तशी. ग्लोव्हज काढले.

"मॅडम, मी उद्यापासून येणार नाही."

"का?"

"तुम्ही माझ्या आयला खाली बसवायला सांगितलंत."

"अगं, एवढं काय त्यात? हायजीनचा प्रश्न आहे. तू एवढी वर्षं इथे आहेस, तुला तरी कळायला हवं."

"हायजीन तुम्हीच शिकवलंत मला. खुर्ची पुसायला दोन मिनिटं लागतात. ती मीच पुसते."

अकरा वर्षांत मी त्यांना उलट बोलले नव्हते. मी पर्स घेतली आणि निघाले. आयची दाढ दुसऱ्या दिवशी पालिकेच्या हॉस्पिटलात काढली. तिथे शिकणारी एक डॉक्टर मुलगी तिला म्हणाली, "आई, तोंड उघडा, घाबरू नका." आय घरी येऊन सगळ्या गल्लीला सांगत होती, मला आई म्हणाली गो ती.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट.

त्यानंतर मी अंधेरी पूर्वेला एका ट्रस्टच्या दवाखान्यात लागले. जुनी खुर्ची, आठवड्यातून तीन दिवस येणारे डॉक्टर. पण कोणी वास घ्यायचं नाही. गेल्या महिन्यात ट्रस्टने दातांचा विभाग बंद केला. मी घरी बसले. आणि आठच दिवसांत रेश्माचा फोन.

"मॅडम तुला बोलावतायत. चार बंगल्याला नवीन क्लिनिक काढलंय. तुला हेड करणार. तू ये ना यार, मला पण सोबत होईल."

चार बंगला म्हणजे माझ्या घरापासून पायी. नवरा स्कूल बस चालवतो. तो म्हणाला, "जा की. काम ते काम. मला काय रोज हार घालतात? पालक आई-बहिणीवरून बोलतात, मी ऐकतो." त्याचं चुकत होतं असं मला तेव्हा वाटलं नाही. मुलीची दहावी आहे. घरात दोघांनी कमवायला हवं.

आयला विचारलं. ती कोयता धूत होती. मान वर न करता म्हणाली, "जा गो. मना काय झालेलं? दाढ दुखत होती, काढली. माझ्यापायी तू कनाला घरात बसतंस?"

ती असं म्हणाली म्हणून मला जास्त राग आला. कोणावर ते कळेना. पण मी गेले. बघायला तर जाऊ, असं स्वतःला सांगत गेले.

मॅडम दारापर्यंत आल्या. खांद्यावर हात ठेवला. याआधी कधी ठेवला नव्हता. तीन नव्या खुर्च्या, नवीन एक्स-रे, सगळं चकचकीत. माझे हात शिवशिवले, खोटं का सांगू. "तू नसलीस की मुलं तोंडच उघडत नाहीत," त्या म्हणाल्या. "चार जणी ठेवून बघितल्या. एकीलाही जमत नाही." मी मनातल्या मनात हो म्हणून टाकलं होतं.

मग त्यांनी मागच्या पॅसेजमधलं एक दार उघडलं.

"आणि हे बघ. खास तुझा विचार करून केलंय."

आत शॉवर होता. नवीन साबण, शाम्पू, घडी केलेला टॉवेल, हुकाला युनिफॉर्म.

"आलीस की आधी इथे. आंघोळ करायची, कपडे बदलायचे, मग पुढे. म्हणजे कोणी काही बोलायला नको आणि तुलाही ऑकवर्ड व्हायला नको."

"सगळ्या स्टाफला आहे?" मी विचारलं.

"नाही गं. तू आणि रेश्मा. दुसरी मुलगी पार्ल्याचीच आहे, तिला कशाला?"

त्या हसत होत्या. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी माझ्यावर उपकार केलाय. त्यात कपट नव्हतं, आणि म्हणूनच मी गार पडले. कपट असतं तर भांडता आलं असतं.

मी म्हटलं, "मॅडम, माझी आय आली होती क्लिनिकला. आठवतं?"

"आई? हो, हो. कशा आहेत त्या? पापलेट देतात ना अजून? आता तर काय, जवळच आलो आपण."

एवढंच आठवत होतं त्यांना. पापलेट.

"मी नाही येणार," मी म्हणाले.

"पगाराचं बोलू की आपण."

"पगाराचं नाही. माझी आय सुजलेला गाल घेऊन तुमच्याकडे आली, तुम्ही तिला वॉचमनपाशी बसवायला सांगितलंत. तुम्हाला ते लक्षात पण नाही. मी ते विसरू शकत नाही."

"तू फार मनाला लावून घेतेस. मी तुला घडवलं. काही येत नव्हतं तुला."

"शिकवलंत. अकरा वर्षं काम करून मी त्याची फेड केली."

मॅडमचा चेहरा बदलला. ओळखीचा झाला. "बघ हं. बाहेर तुला कोण ठेवणार आहे? तुमच्यासारख्या..."

त्या थांबल्या.

"आमच्यासारख्या काय?" मी विचारलं.

मी उभी राहिले, वाट बघत. मग निघाले.

नवरा दोन दिवस धुसफुसत होता. रेश्माला शॉवरचं सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं. मी करते तिथे आंघोळ. मला घर चालवायचंय, तू मला शिकवू नको." मी नाही शिकवलं. तिच्या जागी मी अकरा वर्षं उभी होते.

पण दातांच्या असिस्टंट मुलींचा आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यात मॅडमची जाहिरात आली. अनुभवी हवी, स्वच्छतेची आवड असलेली. मी त्याखाली लिहिलं. सगळं. क्लिनिकच्या पत्त्यासकट. फवारा, बाकडं, प्लास्टिक, शॉवर. लिहायला दुपार गेली, माझं शुद्धलेखन काही बरं नाही. नवरा म्हणाला, आता तुला कोणीच नोकरी देणार नाही. खरं असेल. दोन ठिकाणांहून नकार आलाय. ग्रुपमधल्या काहींनी लिहिलं, कशाला घाण काढतेस. एकीने लिहिलं, माझ्याकडे माझा ग्लास वेगळा ठेवतात. मग दुसरीने लिहिलं. मग तिसरीने.

काल मॅडमचा मेसेज आला. "ताबडतोब डिलीट कर. नाहीतर वकिलाची नोटीस येईल."

मी उत्तर दिलं, "पाठवा. वेसावे कोळीवाडा, मासळी बाजाराच्या मागे. कोणीही घर दाखवेल."

डिलीट करणार नाही. नोकरी मिळेल तेव्हा मिळेल. तू कुठली, असं विचारलं तर तिथेही हाच पत्ता सांगेन, पहिल्याच दिवशी, बसायच्या आधी.