बसच्या मागची गाडी

व्हर्ना हॉगलंडला कॅलिफोर्नियाचे लोक आवडत नसत, असं म्हटलं तर ते फारच सौम्य होईल. ती त्यांचा दुस्वास करायची आणि तो करताना तिला मनापासून मजा यायची. त्यांनी तिकडची घरं सोन्याच्या भावाने विकायची, आयडाहोत यायचं, घासाघीस न करता इथलं घर उचलायचं आणि मग शेजाऱ्याचा कोंबडा पहाटे आरवतो म्हणून तक्रार करायची. व्हर्नाच्या गाडीच्या मागे स्टिकर होता: 'आलात तसे परत जा.' उन्हाने आणि बर्फाने अक्षरं फिकी पडली की ती नवा आणून लावायची.

सेज फ्लॅट गावात ती शाळेची बस चालवायची. नवरा केव्हाच दुसरीचा हात धरून नेवाडात गेला होता. मुलगा क्लेटन तिने त्या पिवळ्या बसच्या पगारावर एकटीने वाढवला. तोंड फाटकं, पण पोरांच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालून असायची. बसच्या अगदी पुढ्यात वाकलेलं मूल चालकाला दिसत नाही, ही एक भीती तिने उभा जन्म पोटात बाळगली. हातातला डबा पडला, चित्र उडालं, की मूल उचलायला वाकतंच. त्याला किती सांगा.

एकदा कॅलिफोर्नियाची नंबरपाटी असलेली एक पांढरी गाडी तिच्या बसमागे लागली. बस थांबली की थांबायची, निघाली की निघायची. व्हर्नाने सरळ बस रस्त्यात आडवी घातली आणि शेरीफला बोलावलं. गाडीत एक तरुण जोडपं होतं, बायको पोटुशी.

"आम्ही फक्त बघत होतो हो," नवरा हात वर करून म्हणाला, "कुठल्या गल्लीत मुलं उतरतात ते. घर घ्यायचंय."

"पोरं पळवणारेही हेच सांगतात," व्हर्ना म्हणाली.

ती बाई रडली. जोडपं पुन्हा गावात दिसलं नाही. हा किस्सा व्हर्ना कॉफीच्या टेबलावर इतक्यांदा सांगायची की ऐकणाऱ्यांना तो पाठ झाला होता, आणि दर वेळी लोक टेबल बडवून हसायचे.

पण भाव काही तिच्या स्टिकरला घाबरले नाहीत. क्लेटन ज्या घरात भाड्याने राहायचा ते मालकाने बाहेरच्याला विकलं. दुसरं घ्यावं तर एसी दुरुस्त करणाऱ्या माणसाची ऐपत संपलेली. शेवटी त्याने ओक्लाहोमात काम मिळवलं. तिथला उन्हाळा असा की एसीवाल्याला लोक डॉक्टरसारखं बोलावतात, आणि घरं अजून माणसाच्या आवाक्यात होती. क्लेटन, त्याची बायको शेल्बी, सहा वर्षांची जूनी आणि धाकटा बो, सगळेच जाणार.

"वस्ती निवडायला मी येते," ती म्हणाली. "गल्ली कशी बघायची ते तुम्हाला काय कळतंय?"

ताकाला जाऊन भांडं लपवायचा तिचा स्वभाव नव्हता, पण या वेळी तिने लपवलं. तिचा बेत साधा होता: प्रत्येक वस्तीत खोड काढायची, इतकी की पोरं कंटाळून परत फिरतील. तिच्या चाकांवरच्या छोट्या घरात खोल्या दोनच होत्या, पण दाटीवाटीने सगळे मावले असते. नातवंडं तिच्याच बसमधून शाळेत गेली असती.

आयडाहोतल्या शाळांना वसंताची सुट्टी लागली तेव्हा सगळे क्लेटनच्या गाडीतून निघाले. ओक्लाहोमातल्या हार्लन स्प्रिंग्जला पोचल्यावर पेट्रोल भरताना शेजारच्या पंपावरचा म्हातारा पाटी बघून म्हणाला, "आयडाहो? आता तिकडूनही सुरू झाले का? तिकडची घरं विकायची नि इथं येऊन आमचे भाव चढवायचे."

"विकायला घर असतं तर तुझ्या या तापलेल्या तव्यावर कशाला आलो असतो?" व्हर्ना कडाडली. "आणि आम्ही काय कॅलिफोर्नियाचे नाही!"

"मॅम, मला इथून सगळं एकच दिसतं," म्हातारा म्हणाला.

हे तिला फारच लागलं. आपली माणसं पोटासाठी हलतात आणि दुसऱ्याची माजाने, असा तिचा आजवरचा हिशोब. आपला तो बाब्या!

मग वस्त्या बघणं सुरू झालं. पहिल्या वस्तीत तिला आगगाडीचे रूळ दिसले, दुसरीत पदपथ दिसेना. तिसरीत वादळात लपायचं तळघर नव्हतं, तर चौथीत होतं. "म्हणजे इथं वादळं येतातच की!" ती म्हणाली. शेल्बीचे ओठ मिटत मिटत दोऱ्याएवढे बारीक झाले.

पीकन स्ट्रीटवरचं घर मात्र शेल्बीच्या मनात भरलं. छोटं, विटांचं, मागे झाड, आणि किंमत परवडणारी. तिने दलालबाईंना विचारलं, "लहान मुलांसाठी वस्ती कशी आहे?"

दलालबाई गोड हसल्या. "ते मला कायद्याने सांगता येत नाही, डिअर. कुठे कशी माणसं राहतात हे आम्ही बोलायचं नसतं. तुम्हीच फिरून बघा."

"बघायचंय काय त्यात?" व्हर्ना म्हणाली. "सगळी पडद्याआड बसलेली म्हातारी खोडं. एक सायकल दिसते का अंगणात?"

आता शेल्बीचा बांध फुटला. "व्हर्ना, तुम्ही आलात कशाला? एक तरी घर धड दिसलं का तुम्हाला? आम्ही काय गाडीत राहायचं?"

"माझ्यावर ओरडू नको. बसला विचार. इथं पोर उतरत असेल तर बस थांबेल. नाहीतर नाही थांबणार. दाखवतेच तुला."

"आई, पुरे," क्लेटन म्हणाला. पण त्याने किल्ली दिली. मुलांना मोटेलच्या मालकिणीपाशी ठेवलं होतं, तिकडे क्लेटन-शेल्बीला सोडायचं दलालबाईंनी कबूल केलं, आणि व्हर्ना एकटी गाडी घेऊन शाळेच्या दारात जाऊन थांबली. या गल्लीत एकही मूल उतरणार नाही याची तिला खात्री होती. मग बघते ही शेल्बी काय बोलते.

बस निघाली. व्हर्ना अंतर राखून मागे. लाल दिवे लागले की थांबायची, विझले की निघायची. सगळं नियमाप्रमाणे. बस चालवणाऱ्या पोरीने आरशात दोन-तीनदा बघितलं, मग रेडिओ तोंडाशी धरला. ते बघून व्हर्नाला बरं वाटलं. चला, झोपलेली नाही ही.

तो रेडिओ कुणासाठी आहे, हे मात्र तिच्या डोक्यात आलं नाही. जन्मभर ती रेडिओच्या पलीकडच्या बाजूला कधी बसलीच नव्हती.

पीकन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर बस थांबली आणि दार उघडलं. एक उतरलं, दुसरं उतरलं, मग लोंढाच आला. सगळी पोरं सायकली मागल्या अंगणात ठेवत असावीत. व्हर्ना बघत राहिली. आता शेल्बीला दाखवायचं काय?

कोपऱ्यावर घडीच्या खुर्चीत एक जाडजूड बाई बसली होती, गुडघ्याला पट्टा, हातात बर्फाच्या चहाचा भलामोठा पेला. एका पोराच्या हातून पाण्याची बाटली निसटली आणि घरंगळत बसच्या पुढे गेली. पोर वाकलं.

"सोड ती!" बाई अशी ओरडली की झाडावरचे पक्षी उडाले. "तिथंच सोड, गाढवा! मागे हो!" एक हात तिने बसकडे रोखला. बस जागची हलली नाही. पोर मागे आलं. बाई लंगडत गेली, बाटली उचलली, पोराच्या डोक्यात हळूच मारली आणि त्याच्या हातात दिली. मग ती वळली, तिने व्हर्नाच्या गाडीची पाटी वाचली आणि हात वर करून गल्लीला खूण केली.

पुढच्या क्षणी एक पिकअप गाडी व्हर्नाच्या पुढ्यात आडवी आली आणि दुसरी मागे चिकटली. गवत कापायचं यंत्र टाकून एक माणूस धावत आला. पोरांना कुणीतरी घरात पिटाळलं.

"गाडी बंद करा, मॅम," खुर्चीवाली बाई खिडकीशी येऊन म्हणाली. आवाजात साखर, डोळ्यांत विस्तव. "कुणाची नातवंडं पळवायला आलात?"

व्हर्नाने किल्ली फिरवून गाडी बंद केली.

"मी... मी फक्त बघत होते," ती म्हणाली, "कुठं मुलं उतरतात ते. घर घ्यायचंय."

स्वतःच्या तोंडून ते शब्द ऐकले आणि तिच्या कानशिलांना आग लागली. ती पांढरी गाडी आठवली, ती पोटुशी बाई आठवली. जावे त्याच्या वंशा म्हणतात ते खोटं नाही.

"गेल्या वर्षी पलीकडच्या गल्लीतून एक आजीच नात घेऊन गेली," बाई म्हणाली. "कोर्टात हरली होती. तीही घर बघायला आले म्हणाली होती. तिचा चेहरा तरी गरीब होता. तुमचा तोही नाही."

"मीही बस चालवते! पंचवीस वर्षं!"

"मग तर तुम्हाला जास्त लाज वाटायला हवी."

ड्वेन नावाचा तो गवतवाला छातीवर हात बांधून बंपरपाशी उभा राहिला, बसवालीने रेडिओवरून बोलावलेला पोलीस येईपर्यंत हलला नाही. पोलिसाने तिचा परवाना बघितला आणि क्लेटनला फोन लावला. क्लेटन आणि शेल्बी मुलांना घेऊन टॅक्सीने धावत आले. सगळा उलगडा झाला. पोलीस हसला, पिकअपवाल्यांनी गाड्या बाजूला घेतल्या. माफी मात्र कुणी मागितली नाही.

शेल्बीने धाकट्याला उचलून घेतलं. "नको मला हे घर. म्हाताऱ्या बाईला घेरतात ही माणसं! क्लेटन, परत चल. व्हर्नाकडे राहू काही दिवस, होईल काहीतरी."

क्लेटनने आईकडे बघितलं. "ग्रॅमी आजीकडे?" जूनी टुणकन उडी मारून म्हणाली. तिच्या हातातली बाहुली पडली आणि ती लगेच रस्त्यात वाकली.

ज्यासाठी व्हर्ना एवढ्या लांब आली होती ते पदरात पडलं होतं. गप्प बसायचं, एवढंच काम होतं. एवढं बोलणाऱ्या बाईला एकदा गप्प बसणं काय अवघड? तिने जूनीला बकोटीला धरून उठवलं. मग तिला स्वतःचाच राग आला, त्या खुर्चीवालीचा आला, क्लेटनचा आला, भाव चढवणाऱ्या साऱ्या जगाचा आला.

"हेच घर घ्या," ती खेकसली.

"काय?" शेल्बी म्हणाली.

"बहिरी आहेस का? ज्या गल्लीत मला कुणी हसून हात केला असता, तिथं मी पोरं ठेवू दिली नसती. आत्ता त्या दलालबाईला फोन करा. माझं डोकं फिरायच्या आत."

क्लेटन काही बोलायला गेला, पण ती केव्हाच रस्ता ओलांडून निघाली होती. कोपऱ्यावरची बाई खुर्ची घडी घालत होती. पर्ल टॅकेट असं तिच्या टपालपेटीवर लिहिलेलं होतं. पर्लने मान वर केली, पण हसली नाही.

"अजून काय?"

"माझी नात या थांब्यावर उतरेल," व्हर्ना म्हणाली. "तिच्या हातून वस्तू पडतात. पडलं की वाकते. ऐकत नाही." तिचा आवाज चिरकला आणि त्याचाही तिला संताप आला. "ओरडावं लागतं. जोरात."

"मला ओरडता येतं," पर्ल म्हणाली. "आणि तुम्ही? तुम्हीही येणार का इथं राहायला?"

"नाही. माझी बस तिकडे आहे. मी परत जाणार."

"बरं झालं."

व्हर्ना वळली आणि चालू लागली. गाडीपाशी तिची माणसं उभी होती, तिकडे तिने बघितलं नाही. मागून पर्लचा आवाज आला, मघाइतकाच तुसडा.

"पोरीचं नाव काय?"

"जूनी," व्हर्नाने मागे न बघता सांगितलं.