पप्पांचा सीआरपी

आमच्या जुन्या जालन्यातल्या गल्लीत एका धान्याच्या व्यापाऱ्याला हार्ट अटॅक आला. तो वाचला, पण बाकीचे दुकानदार असे घाबरले की त्यांनी मिळून रक्ततपासणीचा कॅम्पच ठेवला. पप्पांचं तिथे कापडाचं दुकान आहे. त्यांचे वडील याच दुकानात, बसल्या जागी हृदय बंद पडून गेले होते. त्यामुळे पप्पा रक्त द्यायला चेष्टामस्करी करत गेले आणि घरी आल्यावर दोनदा विचारलं, रिपोर्ट कधी येणार म्हणून.

रिपोर्ट माझ्याकडे आला. इंग्रजीतलं काहीही आमच्या घरात माझ्याकडेच येतं. मिक्सरची वॉरंटी, बँकेचे मेसेज आणि आता पप्पांचं रक्त. मी कॉमर्सची आहे, हे सांगून उपयोग नसतो.

कोलेस्टेरॉल थोडं जास्त होतं. त्याखाली एचएस-सीआरपी अशी ओळ होती आणि तिच्यापुढचा आकडा ठळक छापलेला. शरीरात कुठे दाह असला की हा आकडा वाढतो आणि तो कायम थोडा वाढलेला राहिला तर हृदयाला धोका समजतात, एवढं मला मोबाइलवरून कळलं. पप्पांचा थोडा वाढलेला नव्हता. चांगलाच चढला होता.

"म्हणजे काय?" मम्मीने विचारलं.

"सूज आहे."

"कुठं?"

"आत कुठेतरी."

याहून वाईट उत्तर मला देता आलं नसतं. मम्मी पप्पांच्या छातीकडे बघायला लागली. रात्री पानात बिनफोडणीचं वरण आलं.

डॉक्टर नवीन होत्या. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी रिपोर्ट पाहिला आणि म्हणाल्या, "हा आकडा नुसत्या हृदयामुळे एवढा जात नाही सहसा. ताप आला होता का? दात, हिरड्या दुखतात? कुठे जखम, गळू?"

"न्हाई, न्हाई," पप्पा म्हणाले. "बिलकुल न्हाई." त्यांनी बाईंचा प्रश्न पूर्णही होऊ दिला नव्हता.

ते खुर्चीत अर्धे बसले होते. एका बाजूने.

"मग दोन-तीन आठवड्यांनी परत तपासू. तेव्हाही असाच आला, तर संभाजीनगरला हृदयाच्या डॉक्टरांना दाखवू."

मम्मीला यातलं फक्त शेवटचं वाक्य ऐकू आलं. घरी पोचायच्या आत तिने मामाला फोन करून गाडी सांगितली. तीन आठवडे थांबायला ती तयारच नव्हती. संभाजीनगरच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळाली ती त्याच शनिवारची.

मी फार बोलत नाही. न बोलणाऱ्याला बघायला भरपूर वेळ मिळतो. पप्पा गादीवर बसत नव्हते, हे माझ्या लक्षात आलं होतं. कापडाच्या दुकानात मालक मांडी घालून बसतो, गिऱ्हाईक समोर बसतं आणि मध्ये कापडाच्या ठाणांचा ढीग होतो, अशी आमच्याकडची पद्धत. पप्पा मात्र उभ्यानेच ठाण उलगडून दाखवत होते.

"सेठ, बसा की," एक बाई म्हणाल्या. "तुम्ही उभे राह्यले की आम्हाला जल्दी केल्यासारखं वाटतं."

"डॉक्टरनं सांगितलंय," पप्पा छातीला हात लावून म्हणाले. "हार्टसाठी उभं राहणं चांगलं."

हे समोरच्या भांडेवाल्याने ऐकलं. त्याचाही रिपोर्ट काही धड नव्हता. दुसऱ्या दिवशी तो उभा. मग साडीवाले काका उभे. गुरुवारपर्यंत अर्धी गल्ली गाद्या सोडून उभी होती आणि येणारी-जाणारी माणसं कोण मंत्री येणार आहे म्हणून विचारत होती.

शुक्रवारी मी डबा घेऊन दुकानात गेले. शेजारचे टेलर चाचा पप्पांच्या हातात कागदाची गरम पुडी देत होते.

"सेठ, रात को बांधो. सुबह तक मुँह खुल जाएगा. और लेटना पेट के बल." मग त्यांना मी दिसले. "सलाम बेटी. ये घुटने का है."

"हो," मी म्हणाले.

पुडीतून कांदा-हळदीच्या पोटिसाचा वास येत होता. गुडघ्यासाठी पालथं झोपायला सांगणारं मी कोणी ऐकलेलं नाही. पप्पा कापडाची घडी घालण्यात एकदम बुडून गेले.

विचारायचं कसं? मी आणि पप्पा पावसापाण्याबद्दल बोलतो, फार तर जीएसटीबद्दल. पण सकाळी गाडी निघणार होती, मम्मीने देवापाशी काहीतरी बोलून ठेवलं होतं, आणि मला आजोबा आठवत होते. खरंच हृदय असेल आणि मी गळू म्हणून गाडी थांबवली तर? आणि गळूच असेल आणि मी बोललेच नाही, तर?

संध्याकाळी आम्ही तिघं त्या नवीन डॉक्टरांकडे संभाजीनगरसाठी चिठ्ठी घ्यायला गेलो. बाई लिहायला लागल्या. मी घसा साफ केला आणि इंग्रजीत, एका दमात, त्यांना सांगितलं की यांना गळू झालं आहे, जिथे माणूस बसतो तिथे. पप्पांसमोर हे मराठीत बोलणं मला शक्य नव्हतं. शाळेने एवढी वर्षं इंग्रजी शिकवलं ते याच दिवसासाठी, असं मला वाटलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "गळू? बसायच्या जागी?" त्या स्वच्छ, खणखणीत मराठीत म्हणाल्या. बाहेरच्या बाकड्यावरचं बोलणं थांबलं. "काका, मी त्या दिवशी विचारलं होतं ना?"

"तुमच्यासमोर कसं सांगणार, बाई," पप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरला म्हणाले. "लेकीच्या वयाच्या तुम्ही."

"अहो!" मम्मी म्हणाली. "तिकडं मी हृदय हृदय करून राह्यले!" आणि तिथेच, डॉक्टरांच्या टेबलावर डोकं टेकून ती हसायला लागली, मग रडायला, मग पुन्हा हसायला.

पडद्यामागे पुरुष कंपाउंडरच्या मदतीने गळू फोडलं गेलं. गोळ्या मिळाल्या. शनिवारची गाडी रद्द झाली. पण बाईंनी बजावलं, "हृदयाचं अजून ठरलेलं नाही. हे पूर्ण बरं होऊ द्या, मग परत रक्त."

तोवर पप्पा माझ्याशी बोलले नाहीत. रागावले नव्हते, लाजले होते. मीही लाजले होते. मम्मी दोघांच्या मध्ये बसून निरोप इकडून तिकडे पोचवत होती.

नवा रिपोर्ट पप्पांच्या फोनवर आला. मी समोरच बसले होते, तरी त्यांनी तो मला पाठवला. खाली लिहिलं होतं, "वाच."

मी वाचला. सीआरपी पार खाली आला होता. कोलेस्टेरॉल मात्र होतं तिथेच होतं.

"धोका कमी दाखवतंय," मी म्हणाले. "पण रोज चालावं लागेल."

पप्पांनी डोळे मिटून एक लांब श्वास सोडला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तू येशील का सोबत?"

"येईन."

"बराबर," ते म्हणाले. "बोलावं लागणार न्हाई ना?"

"नाही," मी म्हणाले. "बिलकुल नाही."